शटर जड झालंय

मांडव्याच्या धक्क्याला रो-रो बोट लागली की तिचा लोखंडी उतार खाली येतो आणि गाड्या एकामागून एक बाहेर पडतात. शनिवारी सकाळी ही रांग बघण्यासारखी असते. भाऊच्या धक्क्याहून इथे येणारी ही सेवा १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली आणि दहा दिवसांत देशभर टाळेबंदी लागली. पुढे ती पुन्हा सुरळीत झाली, तेव्हा मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यातल्या जुन्या घरांपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. गाडी ठेवायची कुठे?

तोवर मुंबईहून येणारा माणूस गेटवेला लाँच नाहीतर कॅटामरान पकडायचा आणि मांडव्याला उतरून बसने किंवा रिक्षाने घरी जायचा. गाडी मुंबईतच राहायची. पेण-वडखळमार्गे ती आणायची म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता आणि वाटेतली कोंडी. आता गाडी तासाभरात पाण्यावरून येते. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून रस्त्यानेही वेळ वाचतो. नवे बंगले बांधणाऱ्यांनी आराखड्यातच ऐसपैस गॅरेज घेतलं. अडचण झाली ती जुन्या घरांची. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी-पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि एका अंगाला गोठा, असं हे घर. गुरं गेली, बैलगाडी मोडीत निघाली, मग कधीतरी गोठ्याच्या तोंडाला लोखंडी रोलिंग शटर बसवलं गेलं. आत पाण्याचा पंप, खताची पोती, एखादी बंद पडलेली स्कूटर. आज तिथेच गाडी उभी राहते, आणि घरमालकाच्या मनात येतं की या शटरला मोटर लावून घ्यावी.

ही मागणी चैनीची आहे असं मी मानत नाही. दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच पोलादी शटर साधारण ऐंशी ते शंभर किलोंचं भरतं. या घरांत बारा महिने राहणारी माणसं बहुतेक म्हातारी आहेत. मुलं मुंबईत, पुण्यात, परदेशात. गुडघे आणि कंबर गेलेल्या माणसाला वाकून कोयंडा काढायचा, हँडलला धरून शटर खांद्याच्या वर न्यायचं, हे झेपत नाही. बटण दाबून दार उघडलं तर त्या माणसाचं बाहेर जाणं-येणं दुसऱ्यावर अवलंबून राहत नाही. एवढी मोठी गोष्ट आहे ती.

मात्र या पट्ट्यात मोटर लावणाऱ्या बहुतेक घरांत चौकशीची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. कुठली मोटर घ्यावी, कोणत्या देशाची, मोबाइलवरून चालते का, हे आधी विचारलं जातं. दाराकडे कोणी बघत नाही.

सासवण्यात, शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर-संग्रहालय ज्या गावात आहे तिथेच, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी चोंढीच्या एका शटरच्या मेस्त्रींबरोबर गेले. मोटरचं माप घ्यायचं म्हणून बोलावणं होतं. मेस्त्रींनी टेप खिशातून काढलीच नाही. घर राखणाऱ्या काकांना ते म्हणाले, "काका, उचला बघू." काकांनी शटर कमरेपर्यंत नेलं. "आता सोडा." हात काढताच शटर धाडकन खाली आलं. मेस्त्री बाईंकडे वळले. "काकी, मोटर मी उद्यासुद्धा लावीन. पण शटर जड झालंय. हे असंच ठेवून मोटर लावली तर एक पावसाळा काढील, दुसरा नाही."

'शटर जड झालंय' हे इकडच्या कारागिरांचं नेहमीचं निदान. शटरचं वजन अर्थातच वाढलेलं नसतं. वरच्या पाइपावर डब्यांमध्ये गुंडाळी केलेल्या सपाट स्प्रिंगा असतात. शटर खाली येताना त्या आवळल्या जातात, वर जाताना सुटतात, आणि सुटता सुटता शटरचा बहुतेक भार स्वतः घेतात. म्हणून शंभर किलोंचं दार एका माणसाला उचलवतं. स्प्रिंग थकली, तिचा एखादा पदर तुटला, पट्ट्या एकमेकींत गंजून अडकल्या किंवा बाजूच्या गाइडमध्ये वाळू बसली की तोच भार हातावर येतो. मेस्त्रींनी केली ती परीक्षा कुणालाही घरी करता येते: दार कमरेपर्यंत उचलून अलगद सोडायचं. ते तिथेच थांबलं, फार तर थोडंसं सरकलं, तर तोल नीट आहे. खाली कोसळलं किंवा उसळून वर गेलं, तर मोटरचा विचार बाजूला ठेवायचा. सोडताना पाय मात्र दाराखाली नकोत.

कारण मोटर वजन उचलण्यासाठी असते ही समजूत अर्धीच खरी. स्प्रिंगच्या शटरला मधोमध बसणारी मोटर येते, ती तोल साधलेल्या दाराला फक्त हलवण्यासाठी बनवलेली असते. स्प्रिंगा नसलेल्या शटरला बाजूने साखळी-दात्यांची मोटर लावतात. ती खरोखर सगळा भार घेते, म्हणून ती मोठी असते आणि साखळी तुटली तर दार पडू नये यासाठी वेगळा ब्रेक लागतो. अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर सरकणारं गॅरेजचं दार बनवलं आणि १९२६ मध्ये ते उघडणारं विजेचं यंत्र. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी दार हाताला हलकं झालं, मग पाच वर्षांनी त्याला मोटर आली.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. स्प्रिंगेला घरच्या माणसाने हात लावू नये. आवळलेल्या स्प्रिंगेत साठलेला जोर सुटला तर बोटं जातात, मनगट मोडतं. ग्रीस, साफसफाई, स्क्रू आवळणं हे घरी करावं. वरचा पाइप आणि डबे मात्र ज्याने आयुष्य त्यात घालवलंय त्याच्यासाठी सोडावेत.

*

मेस्त्री शिडीवर चढले आणि वरच्या पेटीचं झाकण काढलं. शटरची बाहेरची बाजू फिकट निळी, थोडे पोपडे धरलेली, पण धड होती. पेटीच्या आतला पाइप मात्र गंजाने पापुद्रे सुटून जाड दिसत होता. काकींना याचं आश्चर्य वाटलं. पाऊस तर बाहेरून लागतो, मग आतून कसं सडलं?

पाऊस लागत नाही म्हणूनच. समुद्राच्या फेसातून उडणारे मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर आत येतात आणि सगळीकडे बसतात. बाहेरच्या अंगावरचं मीठ पावसाने धुऊन जातं. पेटीत, पागोळीखाली, मोटरच्या कव्हरच्या आत बसलेलं मीठ धुतलं जात नाही, साठत राहतं. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि पावसाळ्यात इथली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे थेंबभर पाऊस न लागताही लोखंड महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात राहतं. पेटीचं झाकण वर्षातून एकदा काढून आतला भाग गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसणं, हा या किनाऱ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो सर्वांत कमी केला जातो. गोडं पाणी म्हणायचं कारण असं, की किनाऱ्याजवळच्या कितीतरी बोअरचं पाणी मचूळ झालंय. त्या पाण्याने शटर धुणं म्हणजे मीठ काढण्याऐवजी मीठ चढवणं.

याच तालुक्यात धातूंच्या निवडीचा एक जुना आणि विलक्षण दाखला आहे. अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकसूची बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने हे काम अलिबागला हलवलं आणि १९०४ पासून इथल्या नोंदी सुरू झाल्या. वेधशाळेची वेधगृहं बांधताना लोखंडासारखे चुंबकीय धातू कटाक्षाने टाळले होते. तिथलं कारण चुंबकत्वाचं होतं, गंजाचं नव्हे. पण बांधण्याआधी प्रत्येक वस्तू कशाची आहे हे विचारायचं, ही शिस्त मला आजच्या घरमालकांकडून हवी आहे.

कारण बाजारात 'स्टेनलेस' म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. स्वयंपाकघरातल्या भांड्याच्या जातीचं, म्हणजे ३०४ क्रमांकाचं पोलाद समुद्राजवळ तपकिरी ठिपके धरतं. ३१६ क्रमांकाच्या पोलादात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही. नट-बोल्ट, बिजागऱ्या, कड्या या छोट्या वस्तू तरी ३१६च्या घ्याव्यात. पट्ट्यांसाठी ॲल्युमिनियम चांगलं: हलकं, गंजत नाही, मोटरवर भार कमी. फक्त ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेसचा स्क्रू थेट बसवला की खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये बारीक वीजप्रवाह सुरू होतो आणि स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घालायचा. चार आण्यांची वस्तू, पण घालणारा कारागीर मिळायला हवा.

गाइडमध्ये जळकं ऑइल ओतायची सवय तर जवळजवळ घरोघरी आहे. पहिले आठ दिवस शटर लोण्यावरून सरकतं. मग किनाऱ्याची बारीक वाळू त्या तेलात बसते, चिखल होतो, आणि पट्टीची दोन्ही टोकं घासत जातात. गाइड कोरडी पुसून सिलिकॉनचा फवारा मारावा, किंवा मेणबत्ती घासावी. तेल फक्त साखळीला आणि बेअरिंगला.

काकींच्या घरी अजून एक अडचण निघाली, आणि ती जुन्या चिऱ्याच्या प्रत्येक घरात निघते. जांभ्याचा चिरा खणून काढताना मऊ असतो, हवेने टणक होतो, तरी त्याच्या पोटात पोकळ्या राहतात. काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा लोखंडी फास्टनर चिऱ्यात आवळला की चिराच भुगा होऊन सुटतो. हाताने उघडायच्या शटरला हे चालून जातं. मोटर लागली की रोज सुरू होताना आणि थांबताना झटका बसतो, त्या झटक्याने ब्रॅकेट महिन्या-दोन महिन्यांत हलायला लागतं. मेस्त्रींचा उपाय साधा: भिंतीवर भरवसाच ठेवायचा नाही. दोन्ही बाजूंना जमिनीपासून लोखंडी खांब, वर आडवा पाइप, सगळं गॅल्व्हनाइज केलेलं, आणि मोटरचा भार त्या चौकटीवर. भिंतीला फक्त आधार. जिथे खांबाला जागा नाही तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट आणि पलीकडून पोलादी पट्टी. जुनी भिंत फोडून काँक्रीट भरायचा सल्ला देणारेही भेटतात. एक एक चिरा हाताने तासून रचलेली भिंत अशी फोडायला माझा विरोध आहे, आणि गरजही नाही.

*

मोटर बिघडली असं म्हणून येणाऱ्या बोलावण्यांत मोटर बिघडलेली क्वचितच असते. मेस्त्रींच्या पिशवीत जुन्या घरांच्या मोटरचा इतिहासच भरलेला होता. फुगलेले कपॅसिटर, काळे पडलेले लिमिट स्विच, दाते झिजलेलं पितळी चाक, आणि एका सर्किट बोर्डाच्या दोन टोकांवर चिकटून वाळलेली पाल.

मोटर नुसती घूं घूं करते आणि फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर गेला. तो काही मिनिटांत बदलतो. शटर चार-सहा वेळा वरखाली केल्यावर मोटर एकदम मेली, तर ती मेलेली नाही. पाइपातली मोटर सलग चारेक मिनिटंच चालण्यासाठी बनवलेली असते. तापली की आतली कळ तिला बंद करते. पाव-अर्धा तास थांबायचं. घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसणारी माणसं चांगली मोटर जाळतात. रिमोट चालत नाही, पण भिंतीवरचं बटण चालतं, तर रिमोटचा सेल. दार अर्ध्यावर येऊन परत वर जातं, तर दोन्ही बाजूंच्या सेन्सरच्या डोळ्यांपुढे कोळिष्टक आहे का ते बघायचं, कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का तेही. बोर्डाच्या पेटीला वायर जायला जे भोक असतं, तिथे रबरी बूच लावलं की मुंग्या आणि पाली आत जात नाहीत. हे बूच पेटीबरोबरच येतं आणि बसवणारा बहुधा ते कागदात तसंच ठेवतो.

वाडीच्या फाटकाला मोटर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. घराच्या मीटरपासून फाटक दीडदोनशे फूट दूर, आणि बागेतल्या दिव्यासाठी ओढलेली बारीक वायरच पुढे नेलेली. संध्याकाळी सगळीकडचे पंप आणि एसी सुरू झाले की आधीच दाब उतरलेला, त्यात वायरीत अजून घट. या जातीच्या मोटरचा जोर दाबाच्या वर्गाने कमी होतो. २३० व्होल्टऐवजी १८० मिळाले, तर जोर साठ टक्क्यांवर येतो. दार मध्येच थांबतं, मोटर तापते, आणि दोष मोटरच्या माथी जातो. जाड वायर टाकणं हा खर्च जमिनीखाली गाडला जातो, दिसत नाही, म्हणून तो टाळला जातो. वळवाच्या विजांमध्ये बोर्ड जळतात ते अर्थिंग नसल्यामुळे. चिऱ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा नीट घ्यायला मेहनत पडते. ती घ्यावी.

सुट्या भागांचा प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे. बाहेरून आणलेली मोटर पंधरा वर्षांनी बिघडते तेव्हा तिचं मॉडेल बंद झालेलं असतं. कंपनीचा माणूस मुंबईहून येतो, आणि जून ते ऑगस्ट गेटवेच्या बोटी बंद असतात. म्हणून जुनी मोटर बदलायची वेळ आली तर माझं मत स्पष्ट आहे: जी मोटर चोंढीचा, अलिबागचा किंवा पोयनाडचा कारागीर उघडू शकतो, जिचा कपॅसिटर आणि लिमिट स्विच तालुक्याच्या गावात मिळतो, तीच घ्या. जुनी मोटर चांगली असेल आणि फक्त बोर्ड गेला असेल, तर सर्वसाधारण बोर्ड लावून तिला नव्या रिमोटवर आणता येतं. पेटीसकट सगळं भंगारात देण्याची गरज नसते.

*

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. पोफळी मोडल्या, नारळ उन्मळले, विजेचे खांब आडवे झाले. श्रीवर्धन-मुरुडकडे कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इकडच्या पट्ट्यातही लोकांनी बरेच दिवस अंधारात काढले. मोबाइलचे टॉवर गेल्यामुळे फोन बंद. अशा वेळी मोटरचं दार म्हणजे काय, तर एक न हलणारी भिंत.

कॅलिफोर्नियाने हे वेगळ्या संकटात शिकून घेतलं. २०१७ सालच्या वणव्यांत वीज गेली, गॅरेजची दारं उघडता आली नाहीत, आणि माणसं आतच अडकून गेली. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला की १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती गॅरेजच्या प्रत्येक यंत्राला बॅटरीचा आधार असलाच पाहिजे. आपल्याकडे कायद्याची वाट बघायचं कारण नाही. चोवीस व्होल्टची मोटर घेतली तर तिला बॅटरी जोडता येते. २३० व्होल्टची बाजूची मोटर असेल तर तिला हाताने ओढायची साखळी असते; ती साखळी पेटीत गुंडाळून ठेवू नये, हाताला लागेल अशी लोंबती ठेवावी. फाटकाच्या मोटरला खालच्या बाजूला एक किल्ली असते, ती फिरवली की दाते सुटतात आणि फाटक हाताने सरकतं.

आणि इथे माझा खरा आग्रह आहे. ही किल्ली बहुतेक घरांत मुंबईच्या कपाटात असते. पुस्तिका, बिल आणि किल्ली एका पिशवीत घालून मालक घेऊन गेलेले असतात. घर राखणाऱ्या जोडप्याच्या हातात फक्त एक रिमोट. मोबाइलवरून मुंबईत बसून दार उघडता येतं याचं मालकाला समाधान, पण वीज आणि नेटवर्क एकदमच जातात, आणि त्या वेळी दाराजवळ असतो तो घर राखणारा माणूस. वादळात गाडी बाहेर काढायची, आजाऱ्याला अलिबागला न्यायचं, ते त्याच्याच अंगावर पडणार. ज्याच्या भरवशावर घर सोडलं, त्याला दाराची किल्ली न देणं हे मला पटत नाही.

वादळाचा अजून एक धडा दाराच्या ताकदीविषयी आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये फ्लोरिडात अँड्र्यू नावाचं वादळ आलं, तेव्हा घरांची पडझड तपासताना एक गोष्ट वारंवार दिसली: आधी गॅरेजचं रुंद दार आत बसलं, वारा आत भरला, आणि त्याने आतून छप्पर उचललं. रुंद शटर वाऱ्याने फुगतं आणि पट्ट्यांची टोकं गाइडमधून निसटतात. टोकांना वाऱ्याचे हूक आणि खोल गाइड घेतली की ती निसटत नाहीत. कौलारू आणि पत्र्याच्या छपरांच्या या मुलखात हे प्रत्येक शटरवाल्याने मागितल्याशिवाय सांगायला हवं.

*

सुरक्षेची दुसरी बाजू रिमोटची. जुन्या रिमोटचं मागचं झाकण उघडलं की आत बारीक कळांची एक ओळ दिसते, आठ, दहा किंवा बारा. प्रत्येक कळ वर नाहीतर खाली. रिमोटमधल्या आणि बोर्डावरच्या कळा सारख्या असल्या की दार उघडतं. बारा कळांचे ४०९६ प्रकार होतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. ते फार थोडे आहेत, आणि ते का थोडे आहेत हे मराठी शाळेत वृत्तं शिकलेल्या माणसाला चटकन कळेल.

लघु आणि गुरू यांचे तीन-तीन अक्षरांचे गण आठ. ते वेगवेगळे लिहिले तर चोवीस अक्षरं लागतात. पण 'यमाताराजभानसलगं' या दहा अक्षरांत आठही गण सापडतात. 'यमाता' म्हणजे य गण, एक अक्षर पुढे सरकून 'मातारा' म्हणजे म गण, पुढे 'ताराज', 'राजभा', असं शेवटपर्यंत. एका गणाची शेवटची दोन अक्षरं पुढच्या गणाची पहिली दोन होतात, म्हणून लांबी वाचते. डच गणितज्ञ डी ब्रॉइन यांनी १९४६ मध्ये अशा साखळ्यांवर शोधनिबंध लिहिला आणि त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. बारा कळांचे सगळे प्रकार सुटे पाठवायचे तर ४९,१५२ अंक पाठवावे लागतात. याच युक्तीने ओवले तर ४,१०७ पुरतात. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने मुलांच्या निरोप पाठवायच्या एका खेळण्यात बदल करून ही साखळी प्रक्षेपित केली, आणि ठरावीक अंकांवर चालणारी गॅरेजची दारं काही सेकंदांत उघडून दाखवली. प्रत्येक जुन्या बोर्डावर ही युक्ती चालत नाही. पण ठरावीक अंकांच्या रिमोटची नक्कल करून देणारं यंत्र आज सहज मिळतं, त्यामुळे अवघड युक्तीची गरजही उरत नाही.

यावर उपाय म्हणजे दर वेळी अंक बदलणारा रिमोट. एकदा वापरलेला अंक पुन्हा चालत नाही. जुन्या मोटरला असा रिसीव्हर वेगळा जोडता येतो, मोटर बदलावी लागत नाही. आठ महिने बंद राहणाऱ्या घराला हा खर्च करावाच. आणि घर विकत घेतलं असेल तर पहिल्या दिवशी बोर्डातले सगळे जुने रिमोट पुसून टाकावेत, कारण ते किती जणांकडे आहेत हे जुन्या मालकालाही आठवत नसतं.

मुलांचं राहिलं. अमेरिकेत यंत्राच्या दाराखाली सापडून मुलं गेल्यावर १९९० साली कायदा झाला, आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना वाटेत कोणी आलं तर दार परत फिरवणारा सेन्सर सक्तीचा झाला. मांडव्याकडे सुट्टीला नातवंडं येतात, अंगणात लपाछपी चालते, आणि खाली येणाऱ्या शटरखालून पळत जाणं हा त्यांचा आवडता खेळ असतो. प्रकाशाचा डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावा, उंच लावला तर रांगतं मूल त्याला दिसत नाही. दर महिन्याला दाराखाली लाकडी फळी आडवी ठेवून दार परत फिरतं का बघावं. घरात लहान मूल येणार असेल आणि सेन्सर बंद असेल, तर तेवढे दिवस मोटरची वीजच काढून ठेवावी.

*

सासवण्याच्या घरात काम ठरलं ते असं. आधी खालच्या सडलेल्या पट्ट्या आणि तळपट्टी बदलायची, दोन्ही गाइड नव्या, स्प्रिंगा नव्या. मग खांबांची चौकट. मग वायर आणि अर्थिंग. मोटर शेवटी. काकींचा मुलगा फोनवर होता. त्याला मोटर दिवाळीच्या आधी हवी होती. मेस्त्री म्हणाले, "दादा, दिवाळीला शटर हातानं उघडील, आई एका हातानं उघडतील. मोटर देवदिवाळीला घ्या." काकी हसल्या आणि त्यांनी होकार दिला.

किल्ल्या तीन करायच्या ठरल्या: एक काकींकडे, एक राखणाऱ्या काकांकडे, एक शेजारच्या घरी. पावसाळ्याआधी कौलं परततात, लाकडं भरतात, आगोटीची सगळी कामं करतात, त्याच वेळी वरची पेटी उघडून पुसायची आणि बोर्डाचं बूच बघायचं. शिवाय मोटर आली तरी पंधरा दिवसांनी एकदा वीज बंद करून दार हाताने वरखाली करायचं, म्हणजे ते अडकत नाही आणि ते कसं उघडायचं हे माणसंही विसरत नाहीत. तारीख लक्षात कशी ठेवायची असं मेस्त्रींनी विचारलं. काकांचं निम्मं आयुष्य होडीवर गेलेलं. ते म्हणाले, "अमावास्या-पौर्णिमेला करीन. उधाणाची तिथी मी चुकत नाय."

मेस्त्रींनी हिशेबाची चिठ्ठी लिहून दिली, शिडी टेम्पोत टाकली आणि आवासला निघाले. तिथे एका घरी मोटर आधीच येऊन पडली होती. शटर अजून कोणी उचलून बघितलेलं नव्हतं.